धुराड्याकडची मूठ

"सकाळपासून कसली भोकं पाडतोयस रे?" शेडच्या दाराशी येऊन अल्फोन्सने विचारलं.

विल्बर्टने ड्रिल थांबवलं आणि हातातल्या लोखंडी पत्र्यावर घाईघाईने गोणपाट टाकलं. टाकल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या अंतरावरून अल्फोन्सला पत्रा कसला, ट्रॅक्टरसुद्धा धड दिसला नसता.

"गोठ्याचं फाटक," तो म्हणाला. "पत्रा सडलाय, नवा बसवतोय."

"फाटकाला एवढी भोकं? गाई काय शिट्ट्या वाजवणारेत त्यातून?"

अल्फोन्स उत्तरासाठी थांबला नाही. आपल्याच विनोदावर खूश होऊन, शेडच्या भिंतीवरून एक हात सरकवत सरकवत तो अंगणाकडे गेला.

अल्फोन्स म्हणजे विल्बर्टचा मेव्हणा, आग्नेसचा धाकटा भाऊ. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये त्याचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. जिन बंद पडली तेव्हा दोन आठवडे राहतो म्हणून बहिणीकडे आला तो राहिलाच. पुढे आग्नेस गेली आणि टेक्ससच्या त्या रणरणत्या माळावर हे दोघे म्हातारे एका घरात उरले. रेडिओवर पोल्काची गाणी किती मोठ्याने लावायची यावरून रोज भांडायचे, आणि भांडून झालं की एकाच भांड्यातली कॉफी वाटून प्यायचे.

परसातली भट्टी विल्बर्टने स्वतः वेल्ड केली होती, गॅसच्या जुन्या जाड पाइपाची. लांबट आडवं पिंप, उजव्या अंगाला चूल, डाव्या टोकाला धुराडं. चुलीत ओकची लाकडं जाळायची. धग आणि धूर पिंपातून वाट काढत डावीकडे जायचे, आणि मांस दिवसभर त्यावर शिजायचं. भट्टी देखणी झाली होती, पण स्वभावाने पहिल्यापासून वाकडी. चुलीकडचं मांस करपायचं आणि धुराड्याकडचं आपलं कच्चंच. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याची फाटकं आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त केल्या त्याला हे काय अवघड होतं? पण कधी गरजच पडली नाही, कारण अल्फोन्स होता.

अल्फोन्स मांसाची जागा बदलत राहायचा. उजव्या हातात चामड्याचा मोजा, डावा हात उघडा. झाकणाला सळीच्या दोन मुठी होत्या. चुलीकडची सणसणीत तापायची, धुराड्याकडची जेमतेम कोमट व्हायची. मोज्याच्या हाताने एक आणि उघड्या हाताने दुसरी धरून तो झाकण उचलायचा, डाव्या हाताची बोटं मांसावर दाबून बघायचा आणि मग याला तिकडे घाल, त्याला इकडे आण, असं स्वतःशीच पुटपुटत अख्खं घर हलवल्यासारखी हलवाहलव करायचा. चर्चच्या जत्रेतसुद्धा त्याला बोलावणं असायचं. त्या बोटांना कळतं ते घड्याळाला कळत नाही, असं आग्नेस कौतुकाने सांगायची.

आता डोळे गेले होते. अगदी पूर्ण नाही. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं ज्याच्याकडे बघावं ते पुसल्यासारखं व्हायचं. याबद्दल अल्फोन्सने चकार शब्द काढला नव्हता. दूध कपाच्या बाहेर ओतलं गेलेलं विल्बर्टने पाहिलं, फडक्याने पुसलं आणि तोही गप्प बसला. त्या घरात या विषयावर दोघांचं जे काही बोलणं झालं ते एवढंच.

मग जुलैमध्ये अल्फोन्सचा हात भट्टीच्या आतल्या कडेला लागला आणि कोपरापर्यंत लांबलचक चट्टा उठला. नेमकी डार्लीन आली होती. ती विल्बर्टची मुलगी, ह्यूस्टनच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स. तिने मामाच्या हाताला पट्टी बांधली आणि मग बापाला बाजूला घेतलं. गावातल्या नन्सच्या वृद्धाश्रमात जागा आहे, तिने चौकशी केली होती. जीव होता तिचा मामावर, म्हणूनच बोलत होती.

"डॅडी, आणखी एकदा असं झालं ना, तर मी त्याला तिकडे ठेवणार. आणि तू मध्ये पडायचं नाहीस."

विल्बर्टने मान डोलावली होती. न डोलावून करतो काय? पण त्या दिवसापासून एकच गोष्ट त्याचं डोकं खात होती. अल्फोन्स गेला तर सकाळी भांडायचं कोणाशी? आश्रमातल्या खुर्चीत बसून तो माणूस त्या हातांचं करील काय?

म्हणून हा पत्रा. चुलीच्या तोंडापासून पिंपाच्या टोकापर्यंत जाळीखाली सरकवायचा, चुलीकडे बारीक भोकं आणि पुढे पुढे मोठी. धग आधी अडेल, मग पसरेल, आणि दोन्ही टोकांना सारखी मिळेल. मांस जागचं हलवायलाच नको. झाकण उघडायला नको, हात घालायला नको, भाजायला नको. अल्फोन्सला सांगितलं मात्र नाही. सांगायचं म्हणजे का ते सांगायला हवं, आणि तिथेच त्याची जीभ अडत होती.

शनिवारी दुपारी अल्फोन्स नेहमीप्रमाणे शेजाऱ्याच्या गाडीतून गावातल्या हॉलवर डॉमिनो खेळायला गेला. हल्ली तो सोंगट्यांवरचे खळगे अंगठ्याने चाचपून खेळायचा, आणि तरीही जिंकायचा. तो गेल्यावर विल्बर्टने पत्रा बसवला, चुलीत थोडा जाळ केला आणि जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावाच्या स्लाइस मांडल्या. थोड्या वेळाने झाकण उघडलं तर सगळ्या स्लाइस एका रंगाच्या. एकही करपली नव्हती, एकही पांढरी नव्हती. म्हातारा इतका हरखला की दाखवायला कोणी आहे का म्हणून त्याने खरोखर मागे वळून पाहिलं. मग सगळा पाव कोंबड्यांना टाकून त्याने पुरावा नष्ट केला.

दुसऱ्या दिवशी आग्नेसच्या वाढदिवसाचं जेवण होतं. ती गेल्यावरही त्यांनी हा रिवाज मोडला नव्हता. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सगळे जमायचे. उजाडायच्या आधीच विल्बर्टने चूल पेटवली आणि ब्रिस्केटचे, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचे, मोठमोठे तुकडे जाळीवर ठेवले. अल्फोन्स मोजा घेऊन आला तेव्हा त्याने खुर्ची पुढे केली.

"आज तू बस. मी बघतो."

"का? मांस आपलं आपण फिरणारे का आज?"

"जाळ चांगला लागलाय. हलवायची गरज नाही."

अल्फोन्स थोडा वेळ उभाच राहिला. मग खुर्चीत बसला आणि मोजा मांडीवर ठेवून त्याची बोटं सरळ करत राहिला. मध्येमध्ये विचारायचा, "आता?" विल्बर्ट म्हणायचा, "अजून नाही." ऊन वर आल्यावर त्याने विचारणं सोडून दिलं. विल्बर्टला वाईट वाटलं; पण हेच बरं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

झाकणावर दोन्ही टोकांना तापमापक होते. सकाळी दोन्हींचे काटे सारखे होते. दिवस चढला तसा धुराड्याकडचा काटा पुढे जायला लागला. पत्रा चांगला तापला होता आणि धग डावीकडे लोटत होता. विल्बर्टच्या ते लक्षात आलं. थोडं तर आहे, म्हणून त्याने सोडून दिलं. मांसाचा विचार त्याने केला, मुठीचा केला नाही.

चर्चमधली रविवारची मास आटोपून मंडळी आली. डार्लीन, तिचा नवरा, त्यांची मुलं, आणखी चारदोन नातलग. डार्लीनने बापाला स्वयंपाकघरात बोलावलं, आईची बटाट्याच्या सॅलडची परात सापडत नव्हती. विल्बर्टने कपाटातून परात काढली आणि सरळ उभा राहिला, तर खिडकीतून परस दिसलं. अल्फोन्स खुर्चीतून उठला होता. उजव्या हातात मोजा चढवला होता. तो भट्टीपाशी गेला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा डावा उघडा हात धुराड्याकडच्या मुठीवर गेला.

विल्बर्टच्या तोंडाशी हाक आली होती. डार्लीन शेजारीच उभी होती, परात पुसत. हाक मारली असती तर तिने बाहेर पाहिलं असतं. तेवढा एक क्षण तो घुटमळला, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं.

अल्फोन्सने आवाज केला नाही. झाकणही टाकलं नाही. टाकलं असतं तर दणका घरात ऐकू आला असता. अर्धवट उचललेलं झाकण त्याने दोन्ही हातांनी सावकाश खाली टेकवलं. मग बिअरच्या बर्फाच्या पेटीपाशी जाऊन बसला आणि डावा हात मनगटापर्यंत बर्फात खुपसला.

विल्बर्ट बाहेर आला तेव्हा तो जावयाला बिअर काढून देत होता, उजव्या हाताने.

"बसा रे सगळे. आज मी बारवाला," अल्फोन्स म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो हसत होता.

विल्बर्टने जवळ जाऊन वाकून काही विचारायला तोंड उघडलं, तर अल्फोन्स हळूच म्हणाला, "नंतर. ती बघतेय." विल्बर्ट मांस कापायला वळला. तुकडे या टोकाचे असोत की त्या टोकाचे, मऊसूत शिजले होते, आणि चाखून बघून जो तो तारीफ करत होता. जावई म्हणाला की या भट्टीचं इतकं चांगलं मांस त्याने आजवर खाल्लं नव्हतं. विल्बर्टला स्वतःची लाज वाटत होती.

मुलं अल्फोन्सकडे सोडा मागायला गेली, डार्लीनही गेली. मामाचा दुसरा हात बर्फात काय करतोय, असं तिने विचारलं.

"बाटल्या मोजतोय. तुझा नवरा फार पितो."

ती हसली. पण जेवणाआधीच्या प्रार्थनेला सगळे हात धरून उभे राहिले तेव्हा ती गोल फिरून नेमकी मामाच्या डाव्या बाजूला आली. आता नाइलाज होता. अल्फोन्सने हात बर्फातून काढला, विजारीला टिपला आणि तिच्या हातात दिला. प्रार्थना तीच म्हणत होती. मध्येच तिचा आवाज अडला, मग पुन्हा सुरू झाला. विल्बर्टने डोळे किलकिले करून पाहिलं. तिने मामाचा पंजा सोडून मनगट धरलं होतं. आमेन झालं तरी तिने ते लगेच सोडलं नाही.

संपलं, विल्बर्टला वाटलं. आता ती बोलणार. जेवण झालं, केक झाला, आग्नेसच्या आठवणी निघाल्या, आणि दर वेळी डार्लीन तोंड उघडायची तेव्हा तो हातातलं काम थांबवून ऐकायचा. ती काही बोलली नाही. निघताना तिने अल्फोन्सच्या गालाचा मुका घेतला.

"थँक्सगिव्हिंगची टर्की इथेच करायची, मामा. मी आदल्या दिवशीच येईन. झाकण मी उचलेन, कुठे काय ठेवायचं ते तू सांग."

"तुला जमेल का?"

"तू शिकवशील." मग ती बापाकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि रागही होता त्यात. "डॅडी, टेबलावर ठेवलंय."

टेबलावर भाजल्यावर लावायचं मलम होतं आणि पट्टीची गुंडाळी. विल्बर्ट ती घेऊन परसात आला. अल्फोन्सच्या तळव्यावर मुठीच्या सळीएवढा पट्टा सोलवटून निघाला होता. त्याने जमेल तसं हलक्या हाताने मलम लावलं. ऊन कलत होतं, चूल कधीच विझली होती.

"तो पत्रा उद्या काढून टाकतो मी," तो म्हणाला.

"कुठला पत्रा?"

मग विल्बर्टने सगळं सांगितलं. गोठ्याचं फाटक, पाव, कोंबड्या, आश्रम, सगळं. खिडकीतून हाक मारली नाही, तेही सांगितलं.

"मारली असतीस तर मीच तुला शिव्या घातल्या असत्या," अल्फोन्स म्हणाला. "पण पत्र्याचं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुझ्या डोळ्यांचं बोलावं लागलं असतं."

"मग बोलायचं. मला काय माहीत नाहीये ते? माझेच आहेत."

विल्बर्ट पट्टीची गाठ मारत बसला. एवढी साधी गाठ, पण बराच वेळ बसेना.

"ऊठ," अल्फोन्स म्हणाला. "दाखव काय केलंयस ते."

विल्बर्टने झाकण वर केलं आणि एका हाताने जाळी उचलून बाजूला टेकवली. लोखंड आता कोमट होतं. अल्फोन्सने उजवा हात पुढे केला, मोजा न घालता. विल्बर्टने तो धरून पत्र्यावर, चुलीकडच्या पहिल्या भोकावर नेऊन ठेवला आणि सोडला.

"हा हात अजून अडाणी आहे," अल्फोन्स म्हणाला. "वेळ लागेल."

त्याचा अंगठा डॉमिनोच्या सोंगटीवरून फिरावा तसा एकेका भोकावरून फिरायला लागला. एक ओळ संपली की परत मागे येऊन दुसरी. धुराड्याच्या टोकाशी येऊन तो थांबला.

"ही शेवटची ओळ फार मोठी पाडलीस. सगळी धग इथून वर येतेय. बुजव."

"बुजवतो."

"आणि ती मूठ लाकडाची कर."

"करतो."

"थांब, मधलं अजून राहिलंय," असं म्हणून तो पुन्हा चुलीकडच्या टोकाशी गेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. विल्बर्ट झाकण धरून उभा राहिला. हात भरून आला होता, पण त्याने झाकण खाली केलं नाही.