पाच हातांचा मासा

आमच्या कोंढा गावात थापा मारणारे पुष्कळ आहेत, पण स्पॅनिशपर्यंत पोचलेला मी एकटाच.

माझी नात दीपमाला. नागपूरच्या एका कंपनीत स्पॅनिश पत्रांना उत्तरं द्यायची नोकरी तिला हवी होती. शनिवारी भंडाऱ्याला परीक्षा. तिचा सराव असा: आज इंग्रजी वाक्याचं स्पॅनिश करायचं, इंग्रजीचा कागद दुसऱ्याकडे द्यायचा, उद्या स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहायचं. कागद सांभाळायला नि तपासायला मी. सातवी पास माणूस, घाबरतो काय! वाक्यंही माझ्याच पराक्रमांची, रोजची तीस.

पहिलं असं, की आबाजीनं बोडीतला, म्हणजे गावच्या तळ्यातला, पाच हात लांब मरळ मासा नुसत्या दुपट्ट्यानं पकडला.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाच हात."

"सात," मी म्हणालो. कागद बंडीच्या खिशातच होता, पण काढतो कशाला? मासा माझा, मलाच विचारा ना.

तिनं वहीत पाच खोडून सात केलं. तिसऱ्या दिवशी सात वाचलं, तोवर मासा नऊ हातांचा झाला होता. त्याच आठवड्यात माझा एक वाघही तीन झाला.

गुरुवारी तिनं वही मिटली. "आबाजी, मी नाही जाऊन राहिली परीक्षेले. मले साधे आकडेबी जमत नाही."

आता आली पंचाईत. साठ वर्षं पोसलेला मासा एकीकडे, नात एकीकडे. दोनदा खोकलो, तंबाखू मळली, मग सगळे कागद काढून तिच्यापुढे टाकले. तिनं ताडून पाहिलं. तिची चूक एकही नव्हती.

"मंग सात काहून म्हनलं तुम्ही?"

"माह्या तोंडून आकडा निंगाला का वाढतेच, बाई."

"खरा केवढा होता?"

"वीतभर. अन् पकडला नाही. पवनीच्या बाजारातून आणला."

तिनं त्याचं इंग्रजी केलं, स्पॅनिश केलं, शुक्रवारी उलटं फिरवलं. या खेपेला मी चष्मा लावून कागद पाहिला. शब्दाला शब्द! जन्मात पहिल्यांदा माझं वाक्य गेलं तसंच परत आलं.

"जातो उद्या परीक्षेले," दीपमाला हसली.

तेवढ्यात चुलीपासून माझी बायको देवकाबाई ओरडली, "अवो, बाजारातून माह्या भावानं आनला होता! तुम्ही तं थैलीबी धरली नाही!"

दीपमालानं पेन उघडलं. "आबाजी, हे घेऊ का आजच्या सरावाले?"

मी कागद सांभाळायला हात पुढे केला.