चांगदेवकाकांची तीन बटणं

वैशालीला शहाणपणाची हौस भारी. कामतघरला ती कामाला होती त्या खालिदशेठच्या कापडाच्या गोदामातला जुना कॉम्प्युटर दर तासाला अडून बसायला लागला, तेव्हा तिनंच विंडोज काढून त्यावर लिनक्स बसवलं आणि चार दिवस तोऱ्यात फिरली. कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला होता, तेव्हा तोरा माफ.

पंचाईत झाली चांगदेवकाकांची. दिघाशीचा हा माणूस पंचवीस वर्षं लूमवर राबून गोदामात आलेला, आणि आता हात थरथरायचा. माऊसचा बाण मेनूवर न्यायला जावं तर तो भलतीकडेच पळायचा. कापडाच्या ताक्यांची लेबलं छापायचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव खायचा. "चांगदेवभाई, अब आराम करो," असं शेठ हसत म्हणायचे. त्या हसण्यामागचं काकांना बरोबर कळायचं, म्हणून ते डबा खायलाही वेळेवर उठत नसत.

वैशालीला ते बघवेना. एका दुपारी तिनं सेटिंग उघडलं, त्यातला कीबोर्डचा भाग काढला, नवीन शॉर्टकट टाकला. त्याला नाव दिलं, खाली प्रोग्रॅमची कमांड लिहिली आणि हवी ती बटणं दाबून पक्की केली. असे तीन केले. आल्टच्या शेजारचं बटण दाबून धरायचं आणि एकचा आकडा दाबला की लेबल, दोन दाबला की गेटपास, तीन दाबला की मेल. माऊसला हात लावायचं कारणच उरलं नाही.

काकांनी ते रामरक्षेसारखं पाठ केलं. महिन्याभरात वैशालीपेक्षा भरभर लेबलं काढायला लागले. शेठचं हसणं थांबलं. मेनू नावाचं काही असतं हे काका विसरूनच गेले. ही बटणं आपण फक्त या मशीनवर बसवलीत, एवढं वैशालीनं त्यांना सांगितलं नाही. तिला ते इतकं उघड वाटत होतं, की सांगायचं सुचलंच नाही.

दोन वर्षांनी शेठनी गोदाम विकलं. वैशाली धामणकर नाक्यावर एका कुरिअरच्या ऑफिसात लागली. एक दिवस काकांचा फोन आला.

"बाय, एका गोदामात काम बघायला बोलावलंय. लेबलांचंच हाय. लिनक्सच हाय, बोलतात."

"मग घाबरता कशाला? तुम्हाला सगळं येतं. बिनधास्त जा!" हातातलं पार्सल चिकटवता चिकटवता ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका तिला नाक्यावर रिक्षा स्टँडपाशी दिसले. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता.

"काय झालं, काका?"

"एक दाबलं, काय न्हाय. परत दाबलं. दोन दाबलं, तर भलतंच उघडलं. मॅनेजर बोलला, माऊस घ्या. माऊस घेतला तर हात ह्यो असा. समदी बघत व्हती. मी सांगितलं त्यांना, शिकवणारीनं बरोबर शिकवलं व्हतं, माजंच डोकं गेलंय आता. त्यांनी दुसरा मानूस घेतला."



"काका, तुमचं डोकं ठीक आहे. ती बटणं मी बसवली होती, आपल्याच मशीनवर. दुसरीकडे चालणारच नव्हती. मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. मी उद्या येते तुमच्याबरोबर, त्यांना समजावते."

काका तिच्याकडे मायेनं बघत राहिले.

"तू लय चांगली हायेस," ते म्हणाले. "पन माज्यासाटी उगा आपल्यावर घेऊ नको."

"अहो काका, खरंच..."

"घरी जा, बाय. उशीर व्हतोय तुला," असं म्हणून ते रिक्षात बसले.