गारखेड्याच्या विहिरीची नऊ पानं

मित्रांनो, मी नऊ पानांची एक जुनी पीडीएफ फाईल. गारखेड्यातल्या कितीतरी मोबाईलांत मी अजून पडून आहे.

माझा जन्म एका दुष्काळी चैत्रातला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. वसाहतीच्या मोकळ्या जागेत एक जुनी विहीर होती. तिला मात्र देवाच्या दयेनं पाणी टिकून होतं. मागच्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्या वच्छलाबाईंकडं नळच नव्हता. त्यांचं सगळं त्या विहिरीवर. काठावर आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, शेंदरी दगड होते. त्यांना हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या पहिली घागर भरत नसत.

शहर वाढत होतं. विहीर बुजवून तिथं दुकानं बांधायचं घाटत होतं. कुणाची हरकत असेल तर सुनावणीला यावं, अशी महापालिकेची नोटीस लागली. वसाहतीतल्या अनंतरावांनी जुना नकाशा, नोटीस आणि सगळ्यांना सुनावणीला येण्याची विनंती असं एकत्र केलं. त्यांची सून सई म्हणाली, "बाबा, वर्डमध्ये नका पाठवू. लोकांच्या मोबाईलवर नुसते चौकोन दिसतात. पीडीएफ करा."

अशी मी घडले. कुठंही उघडा, माझा काना-मात्रा हलत नाही, नकाशातली रेघ सरकत नाही. मला केवढा अभिमान वाटला होता!

वसाहतीच्या ग्रुपवर मी गेले आणि खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. "फार मोठं काम, काका." "आम्ही सोबत आहोत." कौतुक पुष्कळ झालं, पण मला उघडलं कुणी नाही. ग्रुप चालवणारा हिमांशू जिन्यात भेटला.

"काका, नऊ पानं कोण वाचतं आजकाल? थोडक्यात टाकायचं ना."

"अरे, तारीख पहिल्याच पानावर आहे."

"हो का? बघतो, बघतो. सेव्ह करून ठेवलीय."

सुनावणीला अनंतराव आणि वच्छलाबाई, दोघंच गेले. साहेबांनी विचारलं, "एवढी मोठी वसाहत, आणि हरकत दोघांचीच?"

वच्छलाबाई लगबगीनं म्हणाल्या, "नाय साहेब, समद्यांची हाय. समद्यांनी मोबाईलात हात जोडलेत."

कुणीतरी फिसकन हसलं. 

विहीर बुजवायला मुरुमाचे ट्रक आले त्या सकाळी हिमांशूनं ग्रुपवर लिहिलं, "हे कधी ठरलं? आम्हाला कुणी कळवलं का नाही?" अनंतरावांनी भांडण केलं नाही, मला पुन्हा पाठवलं. खाली पुन्हा हात जोडले गेले.

वच्छलाबाईंनी आसरा पदरात घेतल्या आणि सोयगावला लेकीकडं निघाल्या. सईनं हात धरला. "मावशी, आमच्या नळाचं नेत जा ना."

"तुलाच कुठं पुरतंय गं बाई? आन् या मावल्यांना काय नळाखाली बसवू?"

विहिरीच्या जागी आता दुकानं आहेत. तिथून पाण्याचे जार गारखेडाभर जातात.

कुणाला दोष देऊ नये म्हणतात, म्हणून देत नाही. पण मित्रांनो, मला जपून ठेवल्याचं पुण्य कुणी आपल्या पदरी धरू नये. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडं आली, तर तिला सांभाळू नका. उघडा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ज्या दिवशी बोलावलं असेल त्या दिवशी उठून जा.