पालथं पुस्तक

ग्रंथपाल बाईंची एक सवय वाचनालयात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचं कारण कोणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकाची नोंद झाली की बाई ते पालथं करून वाचकापुढे सरकवायच्या. मुखपृष्ठ खाली, पाठ वर. रांगेतल्या मागच्या माणसाने मान कितीही लांब केली तरी पुढच्याने काय नेलं ते त्याला दिसायचं नाही. गाव लहान, आणि निम्म्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक न्यायचं, कोणी मूळव्याधीचं. एक निवृत्त फौजदार दर आठवड्याला प्रेमकथा न्यायचे आणि वर सांगायचे, "घरात मागतात हो." बाई गंभीरपणे मान डोलवायच्या. फौजदारांच्या घरात ते आणि त्यांचा पोपट सोडून कोणी नव्हतं, हे बाईंनाही माहीत होतं आणि फौजदारांनाही. सत्तावीस वर्षांत कोणाच्या पुस्तकाचं नाव बाईंच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.

अशा बाईंच्याच हातून ते घडावं, याला काय म्हणावं!

बाई नव्या गोष्टींना बिचकणाऱ्यांतल्या होत्या असं मात्र कोणी समजू नये. वाचनालयाच्या चिटणिसांनी संगणकावरची नवी नोंदप्रणाली आणली तेव्हा त्यांना वाटलं होतं, बाई नाक मुरडतील, मग आपण समजूत घालू, मग आपला मोठेपणा दिसेल. बाईंनी त्यांना ती संधीच दिली नाही. चार महिन्यांत नऊ हजार पुस्तकं त्यांनी एकटीने यादीत चढवली. मग वाचनालयाचं पान समाजमाध्यमावर उघडलं. चिटणिसांच्या मनात तिथे नाचगाण्यासारखं काहीतरी होतं. बाईंनी डिंकाच्या बाटलीला फोन टेकवला, एका पुस्तकाचं पहिलं पान वाचून दाखवलं आणि दुसरं पान उलटायच्या आधी चित्रीकरण बंद केलं. पुस्तकाचं नाव सांगितलं नाही, मुखपृष्ठही दाखवलं नाही.

"अहो, जरा हसा तरी," चिटणीस म्हणाले.

"पानात हसण्यासारखं असेल तर हसेन."

दुसऱ्या दिवशी भाजीवाली दुपारीच हजर. "त्या पानावरची बाई तासभर दारात उभी राहते आणि कडी काढत नाही, ते पुस्तक द्या. मला रात्रभर झोप नाही." मग रिक्षावाले आले, दवाखान्यातल्या नर्स आल्या, कॉलेजची मुलं आली. 'पहिलं पान' दर सोमवारी आणि गुरुवारी ठरून गेलं. वाचायच्या टेबलाशी पूर्वी दोन म्हातारे आणि एक मांजर असायचं, तिथे आता खुर्च्या कमी पडू लागल्या. बाईंना आनंद झाला, आणि आनंदात माणूस जरा सैल होतं.

प्रणाली येऊन दोन वर्षं झाली, तरी तिच्यातली एक सोय अजून कोणी वापरली नव्हती. पुस्तकाची मुदत संपली की वाचकाच्या फोनवर आपोआप संदेश जायचा. ती सुरू करताना पडद्यावर प्रश्न आला: संदेशात पुस्तकाचे नाव दाखवायचे का? बाईंनी विचार केला, लोक तीन-तीन पुस्तकं नेतात, कुठलं परत करायचं ते कळलं तर बरंच. त्यांनी चौकटीत खूण केली आणि चहा प्यायला उठल्या.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, कंपाउंडरकाकांची मुलगी आली.

कंपाउंडरकाका म्हणजे गावातल्या जुन्या दवाखान्यात चाळीस वर्षं औषधं देणारे गृहस्थ. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागायचं नाही, ते काकांना लागायचं. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी अकराला ते वाचनालयात येत. एकही पुस्तक त्यांनी कधी उशिरा परत केलं नव्हतं. नवी प्रणाली आली तेव्हा बाईंनी फोन नंबर विचारला, तर म्हणाले, "मुलीचा लिहा. माझा फोन कुठे असतो ते मलाच माहीत नसतं." आणि हसले. बाईही हसल्या होत्या.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. बोलणं नेहमी नेमकं, आवाज खणखणीत. आज तिने नुसता फोन बाईंपुढे धरला.

'आपल्याकडील पुस्तक "स्मृतिभ्रंश: घरच्यांनी काय करावे" याची मुदत संपली आहे. कृपया परत करावे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"मी वर्गात होते," मुलगी म्हणाली. "फळ्यावर आकृती काढत होते. आधी वाटलं, चुकून आलाय. मग घरी जाऊन बाबांना विचारलं. म्हणाले, शेजाऱ्यांसाठी आणलं होतं. बाई, आमच्या शेजारी कोणी राहत नाही. घर दोन वर्षं बंद आहे."

बाईंनी रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"हल्ली ते एकच गोष्ट दोनदा विचारतात. मला वाटायचं, वय झालं. मी चिडायचे त्यांच्यावर." तिचा आवाज चिरकला. "कधीपासून वाचतायत ते हे सगळं? तुमच्याकडे यादी असेल ना? मला यादी दाखवा."

यादी होती. पूर्वीच्या वह्यांतून शोधायची तर दोन दिवस गेले असते. आता एक बटण दाबायचं काम. बाईंनी नकळत ते दाबलंही, आणि पडद्यावर काकांची दोन वर्षं ओळीने उभी राहिली. आधी 'स्मरणशक्ती वाढवण्याचे सोपे उपाय'. मग 'मेंदू समजून घेऊ या'. मधे शब्दकोड्यांची चार पुस्तकं. आणि शेवटी हे, एकदा नाही, लागोपाठ तीनदा. सगळी बाईंनीच दिली होती, सगळी पालथी. नाव मनात न ठेवता द्यायची सवय इतकी पक्की झाली होती, की हा माणूस एकटा कुठल्या वाटेने निघालाय ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मुलगी टेबलावरून वाकली. बाईंनी पडदा स्वतःकडे वळवला.

"नाही दाखवता येणार, बाळ."

"मी त्यांची मुलगी आहे! परकी नाही!"

"म्हणून तर. त्यांनाच विचार."

"विचारलं ना! शेजाऱ्यांचं नाव सांगतात!"

"मग पुन्हा विचार. न चिडता. पुस्तक वाचणाऱ्याचं असतं, देणाऱ्याचं नसतं."

मुलीने फोन पर्समध्ये टाकला. "संदेश पाठवताना कुठे गेलं होतं हे शहाणपण?" एवढं म्हणून ती निघून गेली. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या. मुलीला ऐकवलेलं ते वाक्य त्यांचं नव्हतंच मुळी. ते होतं कंपाउंडरकाकांचं.

बावीस वर्षांपूर्वी धाकटा मुलगा झाल्यावर बाईंची झोप उडाली होती. दिवसदिवस रडू यायचं, मूल हातात घ्यायची भीती वाटायची. डॉक्टरांनी मनाच्या आजाराच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या काळी असल्या गोळ्यांचं नाव गावात फुटलं असतं तर 'वेडी' हा शिक्का जन्माचा बसला असता. औषधाच्या खिडकीशी रांग होती आणि रांगेत मागेच सासूबाई उभ्या होत्या. काकांनी चिठ्ठी वाचली, गोळ्या कागदात बांधल्या, नावाची बाजू आत करून पुडी पालथी सरकवली. सासूबाईंनी पुढे होऊन विचारलं, "काय हो, काय दिलंत आमच्या सुनेला?" काका वर न बघता म्हणाले, "तिलाच विचारा. औषध घेणाऱ्याचं असतं, देणाऱ्याचं नसतं."

पुढे बाई बऱ्या झाल्या. वर्षभर पुडी त्याच खिडकीतून येत राहिली, पण काकांच्या नजरेत कधी वेगळं काही दिसलं नाही. पुस्तक पालथं द्यायला बाई तेव्हापासून लागल्या. आणि ज्याने त्यांचं गुपित बावीस वर्षं पोटात ठेवलं, त्याचं गुपित बाईंच्या यंत्राने एका सकाळी त्याच्या मुलीच्या हातात नेऊन ठेवलं. बाईंना स्वतःची लाज वाटली. चौकटीतली खूण त्यांनी तेव्हाच काढली, पण बाण सुटून गेला होता.

शनिवारी अकरा वाजले. काका आले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत.

बाईंनी फोन उचलला आणि ठेवला. नंबर मुलीचा. घरी जावं, तर कुठल्या तोंडाने? चिटणीस म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? कळलं ते बरंच झालं की! आता औषधोपचार तरी होतील."

"होतील. पण सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते त्यांनी ठरवायचं होतं. आपण त्यांच्या तोंडचे शब्द काढून घेतले."

सोमवारी बाईंनी डिंकाच्या बाटलीला फोन टेकवला. समोर एक पुस्तक पालथं ठेवलं आणि आज ते उघडलंच नाही.

"आज पहिलं पान नाही," त्या म्हणाल्या. "आज एक चूक सांगायची आहे. कोण काय वाचतं हे वाचनालयाने तिसऱ्याला सांगायचं नसतं. आमच्या संदेशांनी ते सांगितलं. ती खूण मी केली होती, यंत्राने नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागते. आता संदेशात पुस्तकाचं नाव येणार नाही. आणि एकांना मुद्दाम सांगते, तुमची शनिवारची खुर्ची कोणाला दिलेली नाही. तुमचं पुस्तक इथे पालथंच राहील."

चिटणीस रागावले. आपल्याच हाताने आपली अब्रू घालवायची म्हणजे काय, हात दाखवून अवलक्षण! पण त्यांना घाबरायचं कारण नव्हतं. भाजीवालीच्या त्या दाराच्या गोष्टीला पाच हजार बघणारे मिळाले होते, ह्याला मिळाले त्रेचाळीस. त्यांतले एक फौजदार असावेत, कारण मंगळवारी त्यांनी प्रेमकथा परत करताना उगाचच दोन्ही हात जोडले.

शनिवारी अकराला बाई दाराकडे बघायचं नाही असं ठरवून दाराकडेच बघत बसल्या होत्या. सव्वाअकराला काका आले. शर्ट इस्त्रीचा, बटणं मात्र एक घर चुकलेली. मुलगी बाहेर पायरीवर थांबली, आत आली नाही.

काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुलटं. 'स्मृतिभ्रंश: घरच्यांनी काय करावे' अशी ठळक अक्षरं वर. टेबलाशी दोन माणसं उभी होती. बाईंचा हात सवयीने पुढे गेला, पुस्तक उलटं करायला. काकांनी त्यावर पंजा ठेवला.

"राहू द्या. तिला सगळं सांगितलं. तुमचं ते भाषण तिनेच दाखवलं मला. दोनदा. म्हणजे मी दोनदा मागितलं म्हणे." ते हसले. "तिला म्हटलं, ही बाई त्रेचाळीस जणांसमोर आपली चूक सांगते, आणि मी घरातल्या एका पोरीला घाबरतो."

"काका, माझं चुकलं."

"चुकलंच. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही पुडी चुकीच्या हातात गेली नव्हती." हे त्यांनी स्पष्टच सांगितलं, आणि बाईंना ते ऐकून बरं वाटलं. "पण तुम्हाला वाटत असेल, मी माझ्यासाठी वाचत होतो. तसं नाही. घरच्यांनी काय करायचं, ते मी वाचत होतो. म्हटलं, तिच्या वाट्याला काय काय येणार ते आधी बघून ठेवावं. जमेल तेवढं सोपं करून ठेवावं." त्यांनी पुस्तकाच्या आतून एक कागद काढला. वर मुलीचं नाव, खाली काकांच्या ठसठशीत अक्षरांत एक ते अठरा सूचना. पहिली होती: मी चिडलो तर माझं ऐकू नकोस. "हा कुठे ठेवला तेच विसरलो, पुस्तकातच होता, आणि मी घरभर शोधत बसलो. म्हणून उशीर झाला. तसंच परत दिलं असतं, तर हा तुमच्याकडे आला असता."

बाईंनी कागद न वाचता घडी करून त्यांच्या खिशात ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"आता एक काम करा," काका म्हणाले. "तुमच्या यंत्राला सांगा, माझ्या पुस्तकांची नावं पाठवत जा. तिच्या फोनवर. मी कुठलं नेलं ते मी विसरणार. एकीला तरी माहीत असू दे."

"नक्की पाठवू? नावासकट?"

"विचारलंत ते बरं केलंत. हो."

शोधता शोधता बाईंना ती जागा सापडली. सगळ्यांसाठी बंद ठेवून एका सभासदापुरती ती सोय सुरू करता येत होती, आणि मुदत संपायची वाट न बघता पुस्तक नेल्याबरोबरच नाव कळवता येत होतं. त्यांनी काकांच्या नावापुढे खूण केली. ह्या वेळी काकांनीही चष्मा लावून पडद्यावर ती बघितली.

मग त्यांनी नवं पुस्तक निवडलं. बाईंनी नोंद केली आणि सवय ती सवय, पालथंच सरकवलं. काकांनी ते सुलटं केलं, काखेत धरलं आणि पायरीकडे निघाले. खिडकीतून बाईंना दोघं दिसत होती. मुलीचा फोन वाजला. तिने वाचलं.

"बाबा, 'कुंडीतले टोमॅटो'?"

"तुला आवडतात ना."

"परत कधी द्यायचंय?"

काका थांबले. पुस्तकाकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग तिच्याकडे.

"तू लक्षात ठेव हं," ते म्हणाले.

"ठेवते," ती म्हणाली, आणि पायरीवर उभं राहूनच तिने त्यांच्या शर्टाची बटणं नीट लावली.