शाळेने दिलेली कॉट

बायको गेली त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिच्या शाळेतले दोघे कॉट न्यायला आले.

दवाखान्यात असते तशी लोखंडी कॉट. पायाशी दांडा आहे, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते. तिच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ आहे. वस्तीच्या उपयोगाचं काम कोणी हाती घेतलं की मंडळ अनुदान देतं. बायकोने अर्ज करून ही कॉट घेतली. ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय, त्याला ती फुकट वापरायला द्यायची. एका घरचं काम संपलं की पुढच्या घरी. काम संपलं म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. कॉट पोचवायला तीच जायची आणि परत आणायलाही तीच. त्या कॉटवरून कोणी स्वतःच्या पायांनी उतरलं नव्हतं.

म्हणून तिच्यावर वेळ आली तेव्हा ती कॉटवर झोपेना. "मला खालीच राहू दे," म्हणायची. माझी कंबर धरलेली. खाली वाकून तिची कूस बदलणं मला जमेना. शेवटी मीच तिला उचलून वर ठेवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर माझ्याशी फारसं बोलली नाही.

मला ती कॉट भंगारात घालायची होती. आणखी कोणाला तिच्यावर निजवायचं नव्हतं.

"जावईबापू, चहा नको, पाणीच द्या," मंडळाचे खजिनदार खुर्चीत टेकत म्हणाले. शाळेतल्या मुलीचा नवरा म्हणून ते सगळे मला जावई म्हणतात. बरोबरच्या बाई शाळेत बायकोच्या शेजारी एका बाकावर बसायच्या.

"कॉट मोडलीय," मी म्हणालो.

"तुम्ही बस डेपोत मेकॅनिक होतात ना हो? आणि तुमच्या घरात मोडकी वस्तू?" खजिनदार हसले. "शाळेच्या जावयाने इतकं रुसू नये."

"गप रे," बाई त्यांच्यावर खेकसल्या. "पहिल्या बाकावर बसायचास, पण अक्कल मागेच राहिली तुझी." मग माझ्याकडे वळल्या. "भावोजी, उत्तम नागरिकाचा मान यंदा मंडळ तिला देतंय. तुम्ही स्टेजवर यायचं. दोन शब्द बोलायचे. ती होती तोवर कॉट एक दिवस रिकामी राहिली नाही, एवढं सांगितलंत तरी पुरे."

"तिच्यावरून एक माणूस उठलं नाही. ते सांगू?"

दारात पुढच्या गल्लीतला शिंपी येऊन उभा होता. कॉट त्याच्या आईसाठी हवी होती.

"काका, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "आईच्या पाठीला जखमा झाल्यात. जमिनीवरून उचलायला गेलं की ओरडते. ती उठेल असं मी म्हणतच नाही. ओरडायची थांबली तरी पुष्कळ."

पाना आणून मी कॉटचे बोल्ट सोडवले. एक बाजू शिंप्याने धरली, एक खजिनदारांनी. बाई गादी घेऊन मागून आल्या.

शिंप्याची एकच खोली. शिलाई मशीन सरकवून आम्ही कॉट जोडून उभी केली. म्हातारीला वर घेताना ती ओरडली. खजिनदार आणि बाई बाहेर जाऊन उभे राहिले. मी दांडा फिरवला. तिचं डोकं वर आलं, तसा तिला माझा चेहरा दिसला.

"कॉटवाल्या बाईंचे मालक ना तुम्ही?"

"हो."

"त्या स्वतःच आजारी होत्या म्हणे. याच्यावरच होत्या ना? बऱ्या झाल्या का?"

शिंपी मशीनवरचं कापड आवरत होता. त्याचा हात थांबला.

"झाली," मी म्हणालो. "घरीच असते."

"उतरल्या आपल्या पायांनी?"

"उतरली."

म्हातारीने मान मागे टेकली. "मग पाठवा की त्यांना एकदा. म्हणावं, बसून बोलू."

"पाठवतो," मी म्हणालो.