दर्याने परत दिलेली माळ

अगं ऐक तरी, आत्ता काय झालंय! बांगड्याच्या पोटातून बाहेर आलेय मी, थेट सावित्रीच्या बोटावर! कोण मी? प्लास्टिकची माळ गं. म्हणजे, होते. आता तांदळाएवढी लाल कणी उरलेय.

जन्म मुंबईचा, सन पासष्टचा. दुकानात लटकले होते, तेव्हा येणारा-जाणारा म्हणायचा, "अगदी खरी वाटते हो!" मी फुगलेच. सत्यवानने मला उचललं. त्याच्या भावाची, धोंडूची, नवी होडी नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा मासेमारीला निघणार होती. तिच्या नावाने दर्याला वाहायला मी.

मालवणात उतरले, तर धोंडूची बायको सावित्री अबोलीची माळ ओवत बसलेली. तिने मला नाकाशी धरलं.

"भावजी, हिका वास खंय आसा?"

"वास कित्याक होयो, वयनी? तुझी फुलां दोन दिसांत सुकतत. ही जल्मभर सुकाची नाय!"

खरंच बोलला बिचारा. तिथेच तर घोळ झाला.

अबोली घरीच राहिली. नारळ गेला, मागोमाग मी गेले, सगळे खूश. आणि सकाळी मी वाळूवर हजर, तश्शीच लालबुंद! धोंडूची आई हौसाबाई होडीसमोर येऊन उभीच राहिली.

"दर्यान माळ परत दिल्यान! होडी सोडूची नाय!"

तीनदा टाकलं मला. तीनदा आले. शेजारच्या महादूकडे टोपल्या भरभरून बांगडे, आणि धोंडूची कोरी होडी वाळूत आडवी. घरात रोज पेज आणि मीठ.

शेवटी, रजा वाढवून बसलेल्या सत्यवानचं मुंबईचं डोकं चाललं. "आये, बारीक तुकडे करून टाकूया. मगे येतली खंयसून?"

कोयत्याने पाकळी न् पाकळी चिरली माझी. दुसऱ्या दिवशी किनारा स्वच्छ! हौसाबाईने हात जोडले, "घेतल्यान रे बाबा!"

घेतलं कसलं डोंबल! दिसलं नाही म्हणजे संपलं, एवढीच यांची अक्कल. वाळूत मी, लाटेत मी, फेसात मी. एकटी होते, या शहाण्यांनी हजार केली.

मग होडी निघाली. आज दुपारी पहिले बांगडे घरात आले. सावित्रीने पहिल्याचंच पोट चिरलं, आणि मी! तिने लगेच ओळखलं गं मला. हौसाबाई उंबऱ्यात, दर्याकडे तोंड करून हात जोडून बसलेली. तिला सांगावं, तर होडी परत वाळूत.

बाहेरून धोंडू ओरडला, "बांगड्याचा तिखला झाला काय गो? भूक लागली!"

"होता हा, वाईच थांबा," म्हणाली सावित्री, आणि तिने मूठ मिटली.

मी अजून मुठीतच आहे. बोटांच्या फटीतून टोपली दिसतेय, चिरायचे बांगडे अजून पुष्कळ आहेत. तू तिच्या जागी असतीस, तर उघडली असतीस मूठ?