पापणीचा केस

पंखा बंद करून, खिडकी लावून आणि श्वास आवरून हर्षा सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. जबलपूरचा मे महिना, त्यात भौतिकशास्त्र विभागाची ही मागची खोली. घाम भुवईत उतरला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. उजव्या हातात उदबत्तीची काडी होती. काडीच्या टोकाला नेलपॉलिशने चिकटवलेला पापणीचा एक केस होता, आणि केसाच्या टोकावर एक काळा कण. त्या कणाला पोलादी पत्र्याच्या एका भोकात बसवायचं होतं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पत्र्याला भोक आहे हेसुद्धा कुणाला पटलं नसतं.

"बस बापू, बस," ती कणाला म्हणाली. "आजच्या दिवस ऐक माझं."

कण बसला. हर्षाने मान वर केली आणि मग कुठे घाम पुसला.

या भोकाच्या खाली एक हिरा होता आणि वर दुसरा बसायचा होता. दोघांची टोकं समोरासमोर. बाजूचे स्क्रू आवळले की हिरे एकमेकांकडे सरकत आणि मधल्या इवल्याशा जागेत समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशीही नसतो एवढा दाब तयार होई. अख्खं यंत्र मुठीत मावेल एवढं. हर्षाचे पीएचडीचे सर निवृत्त होताना ते कॉलेजला देऊन गेले होते, आणि तेव्हापासून कॉलेजात तिचं नाव ‘हीरेवाली मैडम’ पडलं होतं. हिरे बघायला म्हणून येणारे लोक तोंड वाकडं करून परत जात. हिरा म्हटल्यावर त्यांना अंगठीतला हवा असे.

कण होता समेरियम सल्फाइडचा स्फटिक. रंगाने कोळसा. त्याचे काही इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला घट्ट धरून बसलेले असतात, त्यामुळे वीज त्यातून जेमतेम जाते. पण दाबत गेलं की एका क्षणी त्यांना ती जागा पुरेनाशी होते. ते घर सोडतात, स्फटिकभर मोकळे फिरू लागतात आणि स्फटिक धातू होतो. अणूंची मांडणी तीच राहते, नुसता आकार आक्रसतो आणि काळा रंग जाऊन सोनेरी होतो. हर्षाने हे वाचलं होतं, वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सरांनी तिच्यासाठी वाढवलेल्या स्फटिकात थोडं यिट्रियम नावाचं दुसरं मूलद्रव्य मिसळलं होतं. असा स्फटिक नेमक्या कुठल्या दाबाला सोनेरी होतो, हा आकडा तिला काढायचा होता. मूठभर कण मिळाले होते. काही शिंकेने उडाले, काही चिरडले, एक तर तिच्या ओढणीला चिकटून जबलपुरातल्याच गोरखपूर वस्तीत घरी जाऊन हरवला. हा शेवटचा होता.

शनिवारही शेवटचाच होता. हर्षा कॉलेजात अतिथी विद्वान होती. अतिथी म्हणजे कायमचा माणूस येईपर्यंतची सोय. पाहुणी म्हणून आली आणि तिथेच केस पिकायला लागले, तरी कागदावर ती पाहुणीच राहिली. आता कायमचा माणूस येत होता, सोमवारी. हर्षाला मध्य प्रदेशातल्याच डिंडोरीकडच्या एका लहान कॉलेजात जायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत दोन लंबक आणि एक तराजू आहे, असं तिने फोनवर विचारून घेतलं होतं.

घरी तिने हे सांगितलं नव्हतं. आई एकटीच घरी, आणि आईचा या कामात जीव गुंतलेला. कण उचलायला सुईपेक्षा पापणीचा केस बरा, हे कळल्यावर हर्षाने ओळखीतल्या सगळ्यांच्या पापण्या वापरून पाहिल्या होत्या. जमल्या फक्त आईच्या, कलावतीबाईंच्या. पापणीचा केस गळला की तो मुठीवर ठेवून, डोळे मिटून काही मागायचं आणि फुंकर मारायची, हा खेळ आईनेच तिला लहानपणी शिकवलेला. आता आई स्वतःचा केस कागदाच्या पुडीत बांधून तिला देई.

"मले का मांगाचं राह्यलं आता," ती म्हणे. "तुह्याच कामात येऊ दे."

दारावर टकटक झाली. हर्षाने दाब मोजायच्या माणकाच्या डबीकडे नेलेला हात मागे घेतला.

"आत येऊ का? मी अश्लेषा. सोमवारी जॉइन होतेय इथे. म्हटलं, त्याआधी विभाग बघून घ्यावा."

दारात तिशीतली एक मुलगी उभी होती. खांद्याला झोळी, बोलणं थेट नाशिकचं. सोमवारी येणारा कायमचा माणूस ही होती, हे हर्षाला कळलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"दरवाजा लावा आधी. हवा येऊन राहिली. कण उडून जाईल."

अश्लेषाने इतक्या घाईने दार लावलं की तिची झोळी दारात अडकली. ती सोडवता सोडवता तिची नजर टेबलावर गेली आणि ती झोळी तशीच विसरली.

"डायमंड अ‍ॅन्व्हिल सेल? इथे? आणि आत काय आहे?"

"समेरियम सल्फाइड."

अश्लेषा स्टूलवर बसलीच. "मी पीएचडीला हेच केलंय. कॉम्प्युटरवर. स्क्रीनवर एक रेघ इकडची तिकडे सरकते, की झाला धातू. रंग कधी पाहिला नाही हो, मॅडम."

"मी पण नाही पाहिला," हर्षा म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू आलं.

पुढचं काम चार हातांचं होतं. भोकात अल्कोहोलचा थेंब सोडायचा, म्हणजे दाब सगळीकडून सारखा पडतो. थेंब उडून जायच्या आत वरचा हिरा बसवायचा. हर्षा हे एकटीने करत आली होती आणि दहादा फसत आली होती. आज अश्लेषाने ड्रॉपर धरला. तिचा हात अजिबात हलत नव्हता. थेंब पडला, हिरा बसला, स्क्रू लागले, सगळं पहिल्या झटक्यात. हर्षाचा आनंद गगनात मावेना. सोमवार तिच्या डोक्यातून साफ गेला होता.

मग तिने हिरवा लेझर सोडला. कणाशेजारी माणकाचा एक बारीक कपचा ठेवलेला असतो. लेझर पडला की तो लाल उजळतो, आणि दाब वाढेल तसा त्याचा लाल रंग किंचित सरकतो. त्या सरकण्यावरून दाब मोजायचा. हर्षा वाट बघत राहिली. लाल काही दिसेना.

"माणिक ठेवलंच नाही मी," ती हळूच म्हणाली. "ठेवतच होती, तेवढ्यात दरवाजा वाजला."

हिरे होते, स्फटिक होता, नवऱ्या मुलीसारखी सगळी तयारी होती आणि माणिक डबीतच बसून होतं.

"माझ्यामुळे झालं," अश्लेषा म्हणाली. "मग असंच पुढे आवळायचं का? सोनेरी तर होईल ना?"

"होईल. पण कितीला झालं ते नाही कळणार."

"आणि उघडलं तर?"

"उघडला की कण वरच्या हिऱ्याला चिकटते नाही तर उडून जाते. दुसरा कण नाही आपल्यापाशी."

"मग आज नुसतं पाहून घेऊ. आकडा सोमवारनंतर काढू. नवे स्फटिक मागवू."

हर्षा माणकाच्या डबीचं झाकण लावत आणि उघडत राहिली. "सोमवारनंतर मी नाही राहणार इथं. तुम्ही येऊन राहिल्या, म्हणून मी जाऊन राहिली. अतिथीचं असंच असते."

अश्लेषाचा चेहरा उतरला. "मला सांगितलं होतं, जागा रिकामी आहे."

"रिकामीच होती. मी बसून होती तिच्यावर." हर्षाच्या आवाजात राग नव्हता. "तुमची काही चूक नाही. चलो, विचार करू."

"मग तर विचार नकोच. तुम्ही आज पाहाच. आकडा गेला खड्ड्यात."

हर्षाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळा कण निमूट बसला होता. चार आटे आवळले की इतक्या वर्षांची इच्छा पुरी. डोळे मिटून घरी जायला हरकत नव्हती. पण मोजमापाशिवाय दिसलेलं सोनं म्हणजे दृष्टांत. तो कुणालाही होतो आणि कुणालाही सांगून पटत नाही. तिला स्वतःलाच रात्री तो खरा वाटला नसता. तिने स्क्रूची चावी उचलली आणि उलटी फिरवली.

"ताई, नक्की?" अश्लेषाने विचारलं. मॅडमची ताई कधी झाली, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

वरचा हिरा सुटला. भोक रिकामं होतं. हर्षाने वरचा हिरा उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि त्याच्या अगदी कडेला, अजून थोडा सरकला असता तर पडलाच असता अशा जागी, तिचा काळा कण चिकटलेला होता.

"श्वास नका घेऊ," ती म्हणाली. अश्लेषाने तोंडावर ओढणी धरली.

आईच्या पापणीचा केस कणाच्या खाली शिरला. कण आधी रुसला, मग निघाला. हर्षाने तो भोकात नेऊन ठेवला आणि त्याच केसाने माणकाचा कपचा उचलून त्याच्या शेजारी बसवला. थेंब पडला. हिरा बसला. लेझर सोडला तर आत लाल ठिणगी उजळली. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

मग आवळणं सुरू झालं. चावी थोडीशी फिरवायची, थांबायचं, माणकाचा रंग मोजायचा, कण बघायचा. हर्षा आवळायची, अश्लेषा वर्णपटमापकावरचा आकडा वाचायची आणि फळ्यावर लिहायची. कण काळाच. पुन्हा आवळलं. काळाच. दारात चौकीदार योगेंद्र येऊन उभा राहिला. "मैडम, ताला लगाना है."

"भैया, थोडा रुको. आज सोना बनेगा," हर्षा म्हणाली, आणि योगेंद्र किल्ल्या खिशात टाकून आत आला.

हर्षाने चावी आणखी केसभर फिरवली. कणाच्या एका कोपऱ्यावर काहीतरी चमकलं. तिला वाटलं घाम डोळ्यांत गेला. तिने डोळा पुसून पुन्हा लावला. कोपरा सोनेरी होता. ती बघत असतानाच सोनेरी कड आत सरकली, थबकली आणि एकदम या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. काळं काही उरलंच नाही.

तिने नुसती अश्लेषाची बाही ओढली. अश्लेषाने पाहिलं आणि ती हसत होती की रडत होती, हे तिलाच सांगता आलं नसतं. "बाई गं," एवढंच ती दोनदा म्हणाली. मग तिला आठवण झाली आणि तिने धावत जाऊन आकडा वाचला. तो तिने फळ्यावर मोठा लिहून त्याच्याभोवती चौकोन काढला. शेवटी योगेंद्रचा नंबर लागला. तो बराच वेळ वाकून बघत होता.

"इतने में तो नाक की लौंग भी नहीं बनेगी, मैडम," तो म्हणाला. पण नाकातल्या चमकीपुरतंही नसलेल्या त्या सोन्यावरून डोळा काढायला तयार नव्हता.

निघायच्या वेळी अश्लेषाने विचारलं, "आता दाब सोडायचा ना?"

"सोडला की परत काळा होते. पण ज्या दाबाला सोनेरी झाला, त्याच्यावर नाही. खूप खाली येऊन होते. परतीचा आकडा वेगळा असते, तो पण काढावा लागेल." हर्षाने यंत्र रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि खोलीची चावी अश्लेषाच्या हातावर ठेवली. "तो सोमवारी तुम्ही काढा."

"दोघींच्या नावावर छापू. तुमचं नाव आधी."

हर्षाने मान डोलावली. मग पर्समधली उदबत्तीची काडी काढून तिने टेबलावर ठेवली. "ही सरकारी नाही. पण राहू द्या. याच्याशिवाय जमत नाही."

कलावतीबाई गोरखपूरच्या घरी ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. हर्षा स्कूटर लावते न लावते तोच त्यांनी विचारलं, "झालं का वं सोनं?"

"झालं, आई. पुरं झालं. गळ्यातल्या पोतीतला काळा मणी पाहता पाहता सोन्याचा व्हावा, तसं."

आईने टाळी वाजवली. हर्षा तिच्याशेजारी बसून सगळं सांगत सुटली. माणिक कसं राहिलं, कण कसा हिऱ्याच्या कडेवरून परत आला, योगेंद्र काय म्हणाला. आई मध्ये मध्ये "अच्छा" म्हणत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

"मंग आता तं तुले पक्की करतीन," ती म्हणाली.

हर्षा थांबली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नाही, आई. जागा भरली. सोमवारपासून दुसरी मॅडम. मले डिंडोरीले जावं लागते."

समोरून एक ऑटो गेली. "अन् ते हिरे?" आईने विचारलं.

"कॉलेजचे आहेत. तिथंच राह्यतीन. काडी पण तिलेच देऊन आली."

"पोरगी कशी आहे?"

"चांगली आहे. हात नाही हालत तिचा."

"खाल्लं का तिनं काही?"

"विचारलंच नाही मी," हर्षा म्हणाली, आणि इतका वेळ धरलेलं रडू तिला तेवढ्यावर आलं. आईने तिला रडू दिलं. मग पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली.

"दुपारी एक पडला. तुह्यासाठी ठेवला होता."

हर्षाने डोळे पुसले, पुडी उघडली, आईचा हात ओढून घेतला आणि तिची मूठ वळून केस मुठीवर ठेवला. "आज तू मांग, आई. मले नाही लागत आता."

कलावतीबाईंनी डोळे मिटले. ओठ थोडे हलले. हर्षा फुंकरीची वाट बघत होती. पण आईने डोळे उघडले, बोट ओलं करून तो केस अलगद टिपला आणि कागदात ठेवून पुन्हा घडी घातली.

"राहू दे," ती म्हणाली. "डिंडोरीले लागल तुले."

तिथे दोन लंबक आणि एक तराजू आहे, हे हर्षा बोलली नाही. तिने पुडी घेतली आणि पर्समध्ये काडीच्या जागी ठेवली.